टाके घालण्याआधी चार प्रश्न

"माझ्या मुलाला मारामारीत डोक्याला लागले. दवाखान्यात नेले तर कुठे झाले, किती वाजता, कशाने मारले, किती जण होते, हे विचारत बसले. हे काम पोलिसांचे की डॉक्टरांचे?" एका वाचकांचे हे पत्र. त्यांचा राग मी समजू शकतो. आधी रक्त थांबवायचे, मग चौकशी, यात दुमत नाही. पण चौकशी नकोच, हे मात्र मला पटत नाही.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात कार्डिफ नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठात जोनाथन शेफर्ड हे तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेचे प्राध्यापक. मोडलेले जबडे जोडायचे, चेहऱ्यावरचे वार शिवायचे, हे त्यांचे नित्याचे काम. मारहाणीत जखमी होऊन आलेल्यांच्या नोंदी त्यांनी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक घटना पोलिसांना ठाऊकच नव्हत्या! कोणाला मारणारा सूड घेईल ही भीती, कोणाला मारणाऱ्याचे नावच माहीत नाही, तर कोणाला आपलेच उद्योग बाहेर येतील ही धास्ती. तक्रार टाळता येते, पण फुटलेला जबडा घेऊन घरी बसता येत नाही. म्हणजे खरा हिशेब रुग्णालयात होता.

मग त्यांनी साधी गोष्ट केली. केसपेपर काढणाऱ्या कारकुनानेच मारहाणीच्या रुग्णाला चार गोष्टी विचारायच्या: नेमकी जागा, वेळ, हत्यार, मारणारे किती. त्यातून नाव-पत्ता वगळायचा आणि उरलेली माहिती पोलिसांना व नगरपालिकेला द्यायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही मंडळी नियमितपणे एकत्र बसू लागली. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या पबमध्ये, शनिवारी रात्री कितीच्या सुमारास डोकी फुटतात ते कळू लागले. बंदोबस्त तिकडे हलला, गर्दीच्या रस्त्यावरची वाहने बंद झाली, काचेच्या पेल्यांऐवजी प्लॅस्टिकचे पेले आले.

सगळेच उपाय लागू पडले असे नाही. त्यांच्याच चमूने ५७ पबमध्ये टफन्ड काचेचे पेले वापरून पाहिले, तर नोकरांच्या हाताला उलट जास्त जखमा झाल्या. पुरवलेली काचच साध्या काचेपेक्षा कमकुवत निघाली! हा निष्कर्षही त्यांनी २००० साली छापला, याचे मला कौतुक वाटते. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कार्डिफची तशाच १४ शहरांशी तुलना प्रसिद्ध झाली. मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण त्या शहरांच्या मानाने ४२ टक्क्यांनी कमी भरले. त्याआधी २००८ मध्ये या शल्यविशारदाला गुन्हेशास्त्राचा स्टॉकहोम पुरस्कार विभागून मिळाला होता.

हे वाचले आणि मला माझे जुने रजिस्टर आठवले. तालुक्याच्या गावी नोकरीत असताना मी जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहीत असे, आणि पुढे एकच शब्द: मारामारी. कुठे, ते कधी लिहिले नाही. त्याहून सलते ती दुसरी गोष्ट. एक बाई एकाच उन्हाळ्यात दोनदा आल्या. "न्हाणीत पाय घसरला," असे दोन्ही वेळा नवऱ्यानेच सांगितले. माणूस पडताना बहुधा तळहात टेकतो, म्हणून मनगटाजवळचे हाड मोडते. त्यांचे मोडले होते करंगळीच्या बाजूचे, हाताच्या मध्यावर. डोक्यावर येणारा फटका हात वर करून अडवला की हे हाड असे मोडते. पुस्तकात मी हे वाचलेले होते. तरी नवऱ्याला बाहेर थांबवून मी एक प्रश्न विचारला नाही. प्लास्टर घातले, गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. त्यांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

अशा बाईंना एकटीला भेटून विचारावे, हे आता शिकवले जाते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र त्याचसाठी २००० साली सुरू झाले. १८१ या क्रमांकावर महिलांना मदत मिळते. आणि कोणी गळा दाबला असेल तर, वर खूण दिसत नसली तरी, त्याच दिवशी तपासून घ्यावे. आतली सूज काही तासांनीही वाढू शकते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. आपल्याकडे मारहाणीची केस पोलिसांकडे नावानिशी कळवली जाते. कार्डिफसारखी नाव वगळून मोजदाद ही वेगळी गोष्ट, आणि ती जिल्हा रुग्णालयाला एका वहीवरही जमावी.

पत्रलेखकांच्या मुलाचे टाके सात ते दहा दिवसांनी काढावेत. मधल्या काळात वारंवार उलटी, न थांबणारी डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात घोटाळा वाटला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा. जाताना घटना कुठे घडली, तेही सांगावे.