सात टक्क्यांची रांग

नागपूरच्या त्रिकोणी पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना वॉशिंग्टनमध्ये रात्री काय शिजलं ते चहाच्या आधीच कळलेलं असतं. 19 सप्टेंबर 2025 चं तर विचारूच नका. ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलर लावले. त्या दिवशीच्या भावाने 88 लाख रुपये! सुट्टीला आलेली मुलं तिकिटं बदलून परत पळायच्या तयारीत, आईबाप फोनला चिकटलेले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ही रक्कम एकदाच भरायची, जुन्या व्हिसाला आणि नूतनीकरणाला लागू नाही. महिन्याभराने आणखी एक खुलासा आला. तिथेच शिकून तिथेच नोकरीला लागणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती लागू नाही. म्हणजे एमएस करणारा पोरगा वाचला, मिहानमधल्या कंपनीतून थेट तिकडे जाऊ पाहणारा अडकला.

88 लाखांचा धसका खराच. पण धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर या पट्ट्यातल्या घरांना गेली वीस-पंचवीस वर्षं ज्या आकड्याने जखडून ठेवलंय तो आकडा आहे 7. त्याच्याशी ट्रम्प यांचा काही संबंध नाही. थोरल्या बुश यांनी 29 नोव्हेंबर 1990 रोजी सही केलेल्या कायद्यात तो आहे आणि आजवर तसाच आहे.

गणित सहावीतल्या मुलालाही जमेल. नोकरीच्या जोरावर द्यायची ग्रीन कार्डं वर्षाला 1,40,000. त्यातला 28.6 टक्के वाटा ईबी-2 या वर्गाला, म्हणजे 40,040. उच्चशिक्षित इंजिनिअर बहुतेक याच वर्गात बसतात. आता त्यातला कुठल्याही एका देशाला जास्तीत जास्त वाटा 7 टक्के, म्हणजे 2,803. संपूर्ण भारतासाठी, संपूर्ण वर्षासाठी. दिवसाला आठसुद्धा नाहीत. शिवाय बायको आणि मुलंही याच आकड्यात मोजायची. घरटी चार माणसं धरली तर वर्षाला सातशे कुटुंबं.

आणि समोर उभे किती? 2024-25 या वर्षात अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थीच 3,63,019 होते. ते सगळे काही ग्रीन कार्डाला उभे राहत नाहीत, पण निम्मे राहिले तरी तेवढ्यांनाच साठ-पासष्ट वर्षं लागतील.

आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. 2011 च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची 24 लाख. कायद्यात आइसलंडला 7 टक्के आणि 140 कोटींच्या भारतालाही 7 टक्केच. आइसलंडचे लोक आपला वाटा संपवत नाहीत, मग उरलेली कार्डं जुन्या अर्जदारांकडे सरकतात, म्हणून भारताला कधीमधी 2,803 च्या वर काही मिळतं. पण त्या सरकण्यावर घर बांधता येत नाही. कसं, ते सांगतो.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात एक तारीख असते. तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर तुमचा नंबर लागला. कोविडच्या काळात कौटुंबिक व्हिसे उरले, ते नोकरीच्या खात्यात आले आणि 2022 साली 1,40,000 चे तब्बल 2,81,000 झाले. भारताची ईबी-2 ची तारीख धावत सुटली आणि सप्टेंबर 2022 मध्ये 1 डिसेंबर 2014 ला पोचली. लोकांनी वैद्यकीय तपासण्या करून ठेवल्या, घरं पाहिली. ऑक्टोबरमध्ये तारीख मागे आली, 1 एप्रिल 2012. डिसेंबरमध्ये आणखी मागे, 8 ऑक्टोबर 2011. तीन महिन्यांत रांग तीन वर्षांहून जास्त उलटी गेली. त्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये बुलेटिनवर तारीख होती 1 एप्रिल 2013. तीन वर्षं सरली आणि रांग सरकली दीड वर्ष. 2022 मध्ये जिथे होती तिथवरही पुन्हा पोचली नव्हती.

वॉशिंग्टनमधल्या केटो इन्स्टिट्यूटने 2023 मध्ये या रांगेची मोजदाद केली. नोकरीवाल्यांचे एकूण 18 लाख अर्ज पडून, त्यातले 11 लाख भारतीयांचे. तेव्हा रांगेत नव्याने शिरणाऱ्या भारतीयाला 134 वर्षं लागतील आणि रांगेतले सुमारे 4 लाख 24 हजार लोक कार्ड हाती येण्याआधी मरतील, असा त्यांचा अंदाज. (2018 मध्ये याच संस्थेने ईबी-2 साठी 151 वर्षं सांगितली होती, त्यामुळे 134 ऐकून कुणाला हायसं वाटलं तर नवल नाही.)

134 वर्षं म्हणजे किती? बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा. त्या दिवशी कुणी या रांगेत नाव घातलं असतं तर बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, परतले, राज्यघटना झाली, 1956 मध्ये आपल्या नागपुरात धम्मदीक्षा झाली, दीक्षाभूमीचा स्तूप उभा राहिला, आणि या गृहस्थाचा नंबर 2025 मध्ये लागला असता.

हा वाटा ठरतो जन्माच्या देशावरून. नागरिकत्वाला तिथे किंमत नाही. धरमपेठेत जन्मून टोरांटोत वाढलेला, कॅनडाचा पासपोर्ट असलेला मुलगा या रांगेत भारतीयच. त्याचा सख्खा भाऊ वडिलांच्या बदलीमुळे मस्कतला जन्मला असेल तर त्याला ओमानचा वाटा मिळतो, आणि तिथे अशी रांग नाही. नवरा-बायकोपैकी एकाच्या जन्मदेशाचा फायदा दुसऱ्यालाही घेता येतो. मुलांच्या जन्मदेशाचा मात्र आईवडिलांना येत नाही. आपल्याकडे पत्रिकेत जन्मस्थळ लिहायची पद्धत आहेच. मस्कत, कुवेत, दुबई असं काही दिसलं तर छत्तीस गुणांमध्ये सदतिसावा धरायला हरकत नाही.

याहून मोठी गंमत नातवाची. अमेरिकेत जन्मलेलं मूल तिथलं नागरिक. ते 21 वर्षांचं झालं की आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं, आणि त्या वर्गाला ना वार्षिक मर्यादा, ना देशाचा वाटा. म्हणजे बापाच्या पदवीला आणि पंधरा वर्षांच्या करांना 134 वर्षं, तर पाळण्यातल्या बाळाला 21. एच-वन-बीवरच्या आईवडिलांच्या मुलांचं हे जन्मसिद्ध नागरिकत्व काढून घेण्याचा आदेश ट्रम्प यांनी 20 जानेवारी 2025 ला, गादीवर बसल्या दिवशीच काढला. खालच्या न्यायालयांनी तो अडवला, आणि डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतलं. उलट, जे मूल इथे जन्मून तीन वर्षांचं असताना तिकडे गेलं, ते 21 ओलांडलं की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. दोन भावंडं, दोन कायदे.

पैसे टाकून पुढे जाता येईल का? 19 सप्टेंबरलाच ट्रम्प यांनी गोल्ड कार्डाचाही आदेश काढला: 10 लाख डॉलर, म्हणजे पावणेनऊ कोटी रुपयांच्या वर. पण ते कार्डही ईबी-1 आणि ईबी-2 या नोकरीच्या वर्गांच्याच कोट्यातून द्यायचं. पावणेनऊ कोटी भरून माणूस पुन्हा 7 टक्क्यांच्या दारात. राष्ट्राध्यक्ष फी वाढवू शकतो, एच-वन-बीच्या लॉटरीचे नियम फिरवू शकतो. हा आकडा त्याच्याही हातात नाही, तो तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसनेच बदलायचा.

असे आकडे बसवणं तिथे नवं नाही. 1946 च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला 100 जागा दिल्या होत्या, अख्ख्या अखंड भारतासाठी. 3 ऑक्टोबर 1965 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि पूर्व गोलार्धातल्या देशांना प्रत्येकी 20,000 ची मर्यादा आली. 1960 साली सुरू झालेल्या आपल्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडायचा तोच सुमार. दार उघडं होतं, माणसं थोडी होती. जे गेले ते झटपट कायम झाले, आणि धरमपेठेला वाटलं अमेरिका अशीच असते. ती समजूत अजून टिकून आहे, दार मात्र 1990 च्याच मापाचं राहिलं. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या 25 कोटी होती, आता 34 कोटींच्या घरात आहे, आणि ग्रीन कार्डं तेवढीच 1,40,000.

बदल अगदी जवळ येऊन गेला. देशाचा वाटा काढून टाकणारं विधेयक 10 जुलै 2019 रोजी प्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्ष एका बाजूला, हे तिथे आता दुर्मिळच. 2 डिसेंबर 2020 ला सिनेटनेही आपलं विधेयक एकमताने मंजूर केलं. पण दोन्ही मसुदे वेगळे, मेळ घालायला वेळ उरला नाही, महिन्याभरात ती काँग्रेस संपली आणि दोन्ही विधेयकं बाद झाली. विरोधकांचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. वाटा काढला तर पुढची कित्येक वर्षं जवळपास सगळी कार्डं भारतीयांनाच जातील आणि इतर देशांचे लोक ताटकळतील. माझ्या मते दोष 7 पेक्षाही 1,40,000 मध्ये जास्त आहे. पण तो आकडा वाढवायची भाषा सध्याच्या हवेत कोण करणार! चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी 2023 मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात दाखल झाले याचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटावाच. पण 435 मध्ये त्यांचं मत एक.

मुलांना पाठवू नका असं मी म्हणत नाही. जाणारे जाणारच, शिकून मोठे होणारच. एवढंच करा: शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करताना एजंटला पहिल्या पगाराबद्दल विचारता, तसं प्रायॉरिटी डेटबद्दलही, म्हणजे रांगेतल्या आपल्या तारखेबद्दलही विचारा. आणि मुलाला किंवा मुलीला बजावा की नोकरी लागली की कंपनीच्या मागे लागून ग्रीन कार्डाची प्रक्रिया लवकर सुरू करायला लाव. आय-140 हा कंपनीने करायचा अर्ज एकदा मंजूर झाला की पुढे नोकरी बदलली तरी ती तारीख बहुधा आपलीच राहते.