अंधाराची रंगीत तालीम

म्हैसाळ योजनेचे पंप कृष्णेचें पाणी वर चढवूं लागले, कीं आमच्या कवठे महांकाळच्या दुष्काळी रानांतील द्राक्षवेली तरारतात. हे पंप ज्या विजेवर चालतात, तिचा राज्यभरचा तोल ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रांत रात्रंदिवस सांभाळला जातो. मागणी व निर्मिति यांचा मेळ बसला, म्हणजे विजेची वारंवारता सेकंदास ५० आवर्तनें राहते. निर्मिति अपुरी पडली, कीं ती घसरते.

तेथील चालकांची खरी कसोटी क्वचितच लागते. पण लागते ती पूर्वसूचनेवांचून. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईकडे वीज आणणाऱ्या कांहीं वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. सकाळीं दहाच्या सुमारास शहराचा बहुतेक भाग विजेवांचून राहिला, व लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या.

असा प्रसंग शिकविण्यासाठीं खरी वीज तोडतां येत नाहीं. म्हणून वैमानिकाप्रमाणें या चालकासहि सिम्युलेटरपुढें, म्हणजे संगणकांत उभारलेल्या कृत्रिम वीजजाळ्यापुढें, बसवितात. तेथें कोणता प्रसंग घालावा, हें ठरविणें प्रश्नपत्रिका काढण्याइतकेंच जबाबदारीचें आहे.

प्रथम काय शिकवावयाचें, तें ठरवावें. मग प्रारंभींची स्थिति मांडावी : मागणी किती, कोणती वाहिनी दुरुस्तीसाठीं बंद. त्यानंतर एकेक बिघाड नेमक्या वेळीं घडवावा. शिक्षकानें उपकेंद्राचा माणूस होऊन दूरध्वनीवर बोलावें, आणि मधूनच अपुरी बातमी द्यावी. कारण प्रत्यक्षांतहि बातमी अपुरीच येते. मात्र दहा वाहिन्या एकदम तोडूं नयेत. त्यानें शिकणारा हतबल होतो, शिकत नाहीं. योग्य वेळीं थोडा भार कमी केला असतां जाळें वाचेल, अशी एक तरी संधि प्रसंगांत असलीच पाहिजे.

दुसरी तालीम अंधारांतून वर येण्याची. औष्णिक केंद्राचे पंप व पंखे फिरविण्यासच पुष्कळ वीज लागते. कोयनेसारख्या जलविद्युत् केंद्राचें जनित्र मात्र थोड्याशा साहाय्यक विजेवर सुरू होऊं शकतें. तेथून वीज टप्प्याटप्प्यानें पुढें न्यावयाची. एकाच वेळीं फार भार जोडला, तर वारंवारता कोसळून पुन्हां अंधार.

शेवटीं सर्वांनीं मिळून प्रत्येक निर्णय तपासावा. दोष देण्यासाठीं नव्हे, तर दुसरा मार्ग कोणता होता तें पाहण्यासाठीं. तालमींत जाळें दहा वेळां कोसळलें तरी कोणाचा पंप थांबत नाहीं, कीं कोणी रोगी अंधारांत राहत नाहीं. ती चूक तेथेंच होऊन जावी, एवढ्यासाठींच हा खटाटोप आहे.