रांजणातला द्राक्षारस आणि टेकडीवरची राणी

जमिनीच्या पोटात ठेवलेली वस्तू टिकते, हे राहात्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्वारी पेवात ठेवली. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशीतल्या जॉर्जिया या चिमुकल्या देशात त्याच युक्तीने वाइन ठेवतात. ती परंपरा जपणाऱ्यांत काळ्या झग्यातले, दाढीधारी ऑर्थोडॉक्स साधूही आहेत.

अलावेर्दी हा त्यांचा मठ. राजधानी तिबिलिसीहून पूर्वेला, काखेती प्रांतात, तेलावी शहराजवळ तो लागतो. मागे कॉकेशसची बर्फाळ रांग, पुढे अलाझानी नदीच्या खोऱ्यातले द्राक्षमळे. सहाव्या शतकात सीरियातून आलेल्या जोसेफ नावाच्या साधूने तो स्थापिला, अशी परंपरा आहे. अकराव्या शतकातले तिथले चर्च पन्नास मीटरहून उंच आहे. आत जाताना बायकांनी डोके झाकायचे, पुरुषांनी अर्धी चड्डी घालायची नाही. देवस्थानांच्या मुलखात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे नवल ते काय?

नवल आहे ते तळघरात. तिथे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण आहेत. त्यांना ‘क्वेव्री’ म्हणतात. आकार अंड्यासारखा, तळ निमुळता, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. शरद ऋतूत द्राक्षे खुडली, की ती चेचून रस, साली आणि बिया असे सगळेच त्यात घालतात. रस आपोआप आंबू लागतो. वर आलेला सालींचा थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. पुढे तोंड बंद करून पाच-सहा महिने हात लावायचा नाही. माती थंडावा राखते, बिया निमुळत्या तळाशी बसतात, रस निवळतो. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही सालींमुळे मधाच्या रंगाची होते. जॉर्जियात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी वाइन होत होती, असा पुरावा २०१७ साली मातीच्या भांड्यांच्या अवशेषांतून पुढे आला. रांजणाच्या या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

मठाच्या बाटलीवर १०११ हे साल असते. पण धागा अखंड राहिला नाही. सोव्हिएत राजवटीत धर्मावर बंधने आली. कारखान्यांना माल भरपूर हवा होता, म्हणून मोजक्याच जातींची लागवड वाढली. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली आणि कित्येक द्राक्षमळे उखडले गेले. अलावेर्दीचे तळघर पुन्हा नांदते झाले ते २००६ साली. मठाच्या आवारात देशी द्राक्षांच्या शंभराहून अधिक जाती लावलेल्या आहेत. एकही जात नाहीशी होऊ नये, हा त्यामागचा हेतू. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले, तसाच हा प्रकार.

दारूचे कौतुक कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०२२ साली सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या गावागावांत आहेत. अलावेर्दीचे साधूही वाइन विकतात. पण त्यांच्या लेखी द्राक्षारस आधी वेदीसाठी असतो. उपासनेत भाकरीबरोबर त्याचा घोटभर प्रसाद मिळतो. म्हणूनच त्यात घाई आणि भेसळ चालत नाही.

या मठाचा एक धागा थेट गोव्यात येतो. काखेतीची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्म सोडायला तिने नकार दिला आणि १६२४ साली शिराझ येथे तिला हालहाल करून मारण्यात आले. पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष जपले. ते कॅथलिक, ती ऑर्थोडॉक्स. तरी त्यांनी काही भाग तिच्या मुलाकडे पोचवला. तो अलावेर्दीत पुरला गेला. काही भाग जुन्या गोव्याच्या टेकडीवरील त्यांच्या मठात आला. पुढे तो मठ ओस पडला, छप्पर कोसळले. २००४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याला तिथल्या ढिगाऱ्यात एक हाड सापडले. हैदराबादच्या सीसीएमबीने केलेली डीएनए तपासणी जॉर्जियाकडे बोट दाखवणारी ठरली. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत तो अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

जॉर्जिया लांब आहे, गोवा नाही. जुन्या गोव्याला गेलात, की बहुतेक मंडळी सेंट झेवियरचे दर्शन घेऊन परततात. तुम्ही समोरची टेकडी चढा. सेंट ऑगस्टिनचा तो अर्धा मनोरा मुलांना दाखवा. जमिनीने जवळजवळ चारशे वर्षे जपलेली आणि माणसांनी अखेर घरी पोचवलेली एक राणी तिथे होती, एवढे त्यांना सांगितले तरी सहल सार्थकी लागेल.