दावा चालू असताना बोलावे किती?

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, तूर्त वाच्यता नको," असे कोणी म्हटले की काहीतरी दडपले जात आहे, अशी शंका प्रथम मनात येते. आम्हा कामगार चळवळीतील माणसांना ती अधिकच येते; कारण बोलणे हेच आमचे हत्यार. तरीही अनुभवाने आम्ही सांगतो, की अशी विनंती बहुधा पाळावी. मात्र डोळे मिटून पाळू नये.

एका कारखान्यातील बोनसच्या तंट्यात आम्ही किती टक्क्यांवर तडजोड करू, हे पाचच जणांना ठाऊक होते. त्यांपैकी एकाने ते चहाच्या दुकानात विश्वासाने सांगितले. दुसऱ्या दिवशी मालकाचा वकील नेमका त्याच आकड्यावर अडून बसला. आमचा माणूस खोटे बोलला नव्हता; खरे अवेळी बोलला होता. भोगले मात्र साऱ्या खात्यांनी.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हे ओळखले होते. समेट अधिकाऱ्याला वा न्यायाधिकरणाला तपासात कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवावी, अशी लेखी विनंती करण्याची सोय २१ व्या कलमात होती. ती जशी कंपनीला होती, तशीच कामगार संघटनेलाही होती. म्हणजे मौन हे केवळ मालकाचे कवच नव्हे.

सहारा आणि सेबी यांच्या दाव्यात एका वकिलाने दुसऱ्याला पाठवलेला प्रस्ताव दूरचित्रवाणीवर झळकला. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर ११ सप्टेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायदानाला खरा धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल, तरच प्रसिद्धी लांबणीवर टाकावी, आणि तीही थोड्या काळापुरती.

श्रोतेहो, ही काळाची मर्यादा महत्त्वाची आहे. थॅलिडोमाइड औषधामुळे ब्रिटनमध्ये अनेक मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. भरपाईचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले. त्याविषयीचा 'संडे टाइम्स'चा लेख दावे चालू आहेत म्हणून रोखण्यात आला, आणि १९७३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती बंदी उचलून धरली. १९७९ मध्ये मात्र युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली. लेकरांच्या दुःखावर दाव्याचे झाकण किती काळ ठेवायचे?

म्हणून कोणी मौन मागितले, तर तीन गोष्टी विचाराव्यात: मागतो कोण, कशापुरते आणि किती दिवस? उत्तरे सरळ मिळाली, तर तडजोडीचा आकडा, साक्षीदाराचे नाव, वकिलाचा सल्ला हे पोटातच ठेवावे. पण उघड्या न्यायालयात जे घडले त्याचे अचूक वृत्त आणि अंतिम निकालावरची रास्त टीका यांना १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानेही मोकळीक दिली आहे. तो हक्क कुणाच्या विनंतीखातर गहाण टाकू नये.

पुढच्या तंट्यात त्याच मित्राला चहावाल्याने विचारले, "काय ठरलं?" तो म्हणाला, "सही झाली की पहिला चहा तुझ्याकडेच." आम्हाला वाटते, एवढे उत्तर पुरे आहे.