लाळेचा नमुना, गड्याच्या हाताने

उसाची पक्वता पाहायला आम्ही कांडीला टोचून रसाचा थेंब हँड रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतो. उजेडाकडे धरले की ब्रिक्स दिसतो. चिटबॉयसुद्धा दोन दिवसांत शिकतो. माणसाच्या तपासणीचे साधनही असेच सोपे हवे.

करोनात नाकात काडी घालायची म्हटले की कोप्यांवरची माणसे दडून बसत. एकाने टाळले की टोळीत लागण आहे की नाही, कळायला मार्ग नाही. नागपूरच्या ‘नीरी’ने यावर गुळण्यांची पद्धत काढली, २०२१ च्या मे महिन्यात तिला मान्यता मिळाली. नळीतले सलाइन तोंडात घ्यायचे, १५ सेकंद गुळण्या करायच्या आणि त्याच नळीत थुंकायचे. झाले! नमुना ज्याचा त्यानेच द्यायचा. पुढे प्रयोगशाळेत तो द्रावणात ३० मिनिटे ठेवून ९८ अंशांवर ६ मिनिटे तापवतात, की आरटीपीसीआरला तयार.

नुसती लाळ चिकट अन् फेसाळ, मोजायला अवघड. म्हणून आमच्या मते नळीचे तोंड रुंद हवे, मापाची रेघ ठळक हवी, झाकण बैलगाडीच्या हिसक्यातही न सांडणारे हवे. सूचना चित्रांत द्याव्यात. टोळीत वाचणारे थोडे. नमुन्याआधी अर्धा तास मिश्री-तंबाखू बंद, हे चित्र सगळ्यांत मोठे काढावे. मुकादमापासूनच सुरुवात करावी लागेल!