टायपिंग करताना कर्सर भलतीकडे उडतो? लिनक्सवर हे करून पाहा

छत्रपती संभाजीनगर : गारखेड्यात भाड्याच्या खोलीत बसून जुन्या लॅपटॉपवर मराठी ३० शब्द प्रतिमिनिटाचा सराव करणाऱ्याला हा त्रास वेगळा सांगायला नको. नजर उताऱ्यावर असते, बोटे पळत असतात आणि मान वर करावी तर शेवटचे चार शब्द तिसऱ्याच ओळीत जाऊन बसलेले. चुकून मजकूर निवडला गेला असेल, तर पुढच्या अक्षरासरशी सगळा परिच्छेदच गायब! (अशा वेळी आधी कंट्रोल-झेड दाबा, मग चिडा.)

कीबोर्ड बिघडलेला नसतो. अंगठ्याखालचा तळहात टचपॅडला टेकतो आणि लॅपटॉप त्याला क्लिक समजतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर ज्यांनी जुन्या यंत्रावर लिनक्स घेतले, त्यांनी ही एक सेटिंग तपासून घ्यावी.

हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये टचपॅड सांभाळतो तो ‘लिबइनपुट’. कळ दाबली जाताच तो टचपॅडला क्षणभर गप्प करतो; एकच कळ दाबली तर साधारण ०.२ सेकंद, सलग टायपिंग सुरू असेल तर ०.५ सेकंद. त्या काळात टेकलेला तळहात उचलेपर्यंत दुर्लक्षितच राहतो. नुसती कंट्रोल किंवा ऑल्ट दाबली तर मात्र टचपॅड चालू राहतो, कारण त्या कळा धरून क्लिक करावे लागते.

सेटिंग्जमध्ये ‘माउस अँड टचपॅड’ उघडा आणि ‘डिसेबल टचपॅड व्हाइल टायपिंग’ चालू करा. केडीईमध्ये हाच पर्याय टचपॅडच्या पानावर मिळेल. जुन्या ‘सिनॅप्टिक्स’ ड्रायव्हरवर हे काम ‘सिनडेमन’ हा वेगळा प्रोग्राम करायचा. दहा वर्षांपूर्वीचे सल्ले त्याचेच असतात, ते आज उपयोगाचे नाहीत.

पर्याय चालू असूनही कर्सर उडतो? मग बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडला आहे का, ते पाहा. हा बंदोबस्त लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डापुरता असतो. कळांची अदलाबदल करणारा प्रोग्राम टाकला असेल, तरी गफलत होते. त्याचा आभासी कीबोर्ड लिबइनपुटला बाहेरचा वाटतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर ‘टॅप टू क्लिक’ बंद करा. मग क्लिकसाठी टचपॅड खरोखर दाबावा लागेल. पहिले दोन दिवस जड जाते, पण सरावाच्या उताऱ्यात हात टेकला म्हणून ओळ तुटत नाही. माउस वापरत असाल, तर टचपॅड सरळ बंदच ठेवा. अनेक लॅपटॉपवर त्यासाठी वरच्या रांगेत कळ असते.