प्रार्थनेत गप्प, संकटात नाही



क्वेकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ओट्सचा डबा येतो. डब्यावर टोपी घातलेला, पांढऱ्या केसांचा, हसरा म्हातारा असतो ना, तोच! पण त्या कंपनीचा आणि क्वेकर मंडळीचा काही संबंध नाही, बरं का. कंपनीने नुसते नाव घेतले. खरे क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक लहानसा पंथ. जर्मनीत आपल्या यहुदी बांधवांवर काळ आला, तेव्हा या मूठभर लोकांनी जे केले ते आपल्या नातवंडांना ठाऊक असावे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत. आणि त्यांनी ते का केले हे कळायचे तर आधी त्यांची श्रद्धा काय ते पाहिले पाहिजे.

हा पंथ इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांनी सुरू केला. हे लोक स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारा. हे नाव लोकांनी चेष्टेने दिले आणि तेच चिकटले. आपले राशी ज्या वर्म्स शहरात शिकले, त्या शहराजवळच्या क्रीग्सहाइम गावात सतराव्या शतकातच काही क्वेकर कुटुंबे होती. छळाला कंटाळून ती १६८५ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला निघून गेली. देश सोडून जाणे म्हणजे काय असते, ते आपल्याला कोणी सांगायला नको! आजची जर्मन मंडळी १९२५ साली स्थापन झाली. तेव्हाही तिचे सभासद काही शेच होते, आजही काही शेच आहेत.

आता त्यांची पहिली श्रद्धा. प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश असतो, मग तो कोणत्याही जातीचा, देशाचा, धर्माचा असो. म्हणून जर्मनीतल्या त्यांच्या सभेला पाद्री नसतो. वेदी नाही, पाण्याचा बाप्तिस्मा नाही, भाकर-द्राक्षारसाचा विधी नाही. सगळे जण गोलाकार बसतात आणि तासभर गप्प राहतात. कोणाला आतून बोलावेसे वाटले तर तो उठून चार शब्द बोलतो, मग पुन्हा शांतता. मुलांनो, आपल्या सिनेगॉगमध्ये हाझान मोठ्याने प्रार्थना म्हणतात आणि आपण सगळे सूर मिळवतो. त्यांचे अगदी उलट! पण तोरामध्ये आरंभीच सांगितले आहे की देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचे केले. ती शिकवण आणि त्यांची श्रद्धा फार लांब नाहीत.

दुसरी श्रद्धा शांततेची. शस्त्र हाती घ्यायचे नाही, शत्रूलाही शत्रू मानायचे नाही. हे बोलायला सोपे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत मुलांची उपासमार चालली होती. तेव्हा काल शत्रू असलेल्या अमेरिकेतून आणि इंग्लंडातून क्वेकर मदतीला आले. १९२० पासून शाळाशाळांतून मुलांना रोज एक गरम जेवण मिळू लागले. त्यात सूप असे, कोको असे, पाव असे. १९२१ मध्ये रोज सुमारे १० लाख मुले हे अन्न खात होती. डॉक्टर मुलांना तपासत आणि जी जास्त अशक्त त्यांना आधी घेत. गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांनाही अन्न मिळे. धर्म कोणी विचारला नाही. आम्ही आयुष्यभर वॉर्डात काम केले. जखम बांधताना रुग्णाची जात विचारत नाहीत, तसेच हे.

या जेवणाची आठवण पुढे उपयोगी पडली. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले. इंग्लंडच्या यहुदी पुढाऱ्यांना तेव्हा जर्मनीत जाणे धोक्याचे होते. म्हणून पाच क्वेकर बर्लिनला गेले, यहुदी बायकांच्या संस्थेकडून खरी परिस्थिती समजून घेतली आणि लंडनला येऊन सांगितली. २१ नोव्हेंबरला यहुदी आणि क्वेकर मिळून ब्रिटिश गृहमंत्र्यांना भेटले. २ डिसेंबरला मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरावर उतरली. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुले वाचली. हेच ते किंडरट्रान्सपोर्ट. त्याच डिसेंबरात ७५ वर्षांचे अमेरिकन क्वेकर रूफस जोन्स दोन सोबत्यांसह थेट बर्लिनच्या गेस्टापो कचेरीत गेले. तुमच्या मुलांना आम्ही जेवू घातले होते, आता आम्हाला यहुद्यांना मदत करू द्या, असे त्यांचे म्हणणे. अधिकारी विचार करायला आत गेले, तेवढा वेळ हे तिघे मान खाली घालून प्रार्थनेत गप्प बसले. मदतीचे काम करू देण्याचे आश्वासन त्यांना मिळाले. सगळी दारे काही उघडली नाहीत, पण जी फट मिळाली तिचा त्यांनी उपयोग केला.

तिसरी श्रद्धा सत्याची. क्वेकर शपथ घेत नाहीत. रोज खरेच बोलायचे, तर शपथ कशाला? आपल्याकडेही कोल निद्रे म्हणताना तोंडातून गेलेल्या शब्दाचे वजन कळतेच. ऑगस्ट १९३४ मध्ये जर्मनीत सरकारी नोकरांना हिटलरच्या नावाने निष्ठेची शपथ घेण्याचा कायदा झाला. क्वेकरांपुढे केवढा पेच पडला असेल, विचार करा!

चौथी गोष्ट, सगळे समान. तिचे उदाहरण म्हणजे बर्लिनच्या शिक्षिका एलिझाबेथ आबेग (१८८२–१९७४). सरकारला त्यांची मते खपली नाहीत, म्हणून १९४१ मध्ये त्यांना सक्तीने घरी बसवले. त्या क्वेकर मंडळीच्या सभासद होत्या. १९४२ मध्ये त्यांची जवळची यहुदी मैत्रीण पकडून पाठवली गेली, आणि साठीच्या एलिझाबेथबाईंनी पदर खोचला. घरात म्हातारी आई आणि आजारी बहीण, त्याच इमारतीत नाझी शेजारी. तरी त्यांनी लपलेल्या यहुद्यांना घरी जेवू घातले, राहायला जागा शोधून दिल्या, मुलांना शिकवलेही. स्वित्झर्लंडला निसटून जाणाऱ्यांसाठी स्वतःचे दागिने विकले. त्यांनी सुमारे ८० जणांना मदत केली असे सांगतात. १९६७ मध्ये याद वाशेमने त्यांना राष्ट्रांतील नीतिमान म्हणून गौरवले.

किंमतही मोजावी लागली. बाड पिरमाँट गावातले क्वेकरांचे घर सांभाळणारे लेओनहार्ड फ्रीडरिश यांना १९४२ मध्ये अटक झाली. १९४५ पर्यंत ते बुखेनवाल्डच्या छावणीत होते. क्वेकरांच्या कामाला १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ६० लाख गेले, त्यापुढे वाचलेले थोडेच, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती लोकांचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी आपल्या पूर्वजांना हिब्रू शिकवत, मराठीतून हिब्रूचे व्याकरणही त्यांनी लिहिले. त्यामागे आपण ख्रिस्ती व्हावे ही आशा होती. आपले लोक हिब्रू शिकले आणि यहुदीच राहिले! क्वेकरही येशूला मानतात, आपण मानत नाही. वाट वेगळी ती वेगळीच. पण त्यांनी सूप वाढताना किंवा लपवताना, आधी आमचे व्हा, अशी अट घातली नाही.

कोकणात आपल्या वाडवडिलांपाशी ना सेफर तोरा होता, ना रब्बी. त्यांना शेमा येत होता, आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांची श्रद्धा बंद घाण्यावरून ओळखली गेली, आणि या जर्मन मंडळींची ताटातल्या सूपावरून आणि उघडलेल्या दारावरून. मुलांनो, शेमा रोज म्हणा. आणि वर्गात कोणी एकटा पडला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा.